उसन्या नाण्याचे मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या लहान देशाने स्वतःचे चलन मोडीत काढून दुसऱ्या राष्ट्राचे चलन स्वीकारावे की काय, हा प्रश्न बहुधा अर्थतज्ज्ञांच्या स्वाधीन केला जातो. हुंडणावळ, गंगाजळी, वित्तीय तूट असे शब्द कानांवर आदळू लागले की सामान्य माणूस ‘हा जाणकारांचा विषय’ असे म्हणून बाजूला होतो, आणि त्याने बाजूला व्हावे अशी ज्यांची इच्छा असते त्यांचे आयतेच फावते. वास्तविक कष्टकऱ्याच्या हातातील चलन म्हणजे त्याच्या श्रमाचे साठवलेले रूप. आज केलेल्या कामाच्या मोबदल्यात उद्या किती धान्य मिळेल, याचे ते वचन असते. हे वचन कोण देतो, कोण मोडतो आणि मोडल्यावर जाब कोणाला विचारावयाचा, हा राजकारणाचा प्रश्न आहे. किंबहुना वर्गीय राजकारणाचा तो गाभाच आहे.

या दृष्टीने दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशाचा अनुभव बारकाईने तपासण्याजोगा आहे. सुमारे सव्वा कोटी लोकवस्तीच्या या देशाने २००० साली आपले ‘सुक्रे’ हे चलन रद्द करून अमेरिकेचा डॉलर हेच आपले नाणे ठरविले. २००१ साली मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरने तोच मार्ग धरला. २०२३ साली अर्जेंटिनासारख्या मोठ्या देशात हावियर मिलेई हे डॉलर स्वीकारण्याची घोषणा करीत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. म्हणजे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. चलन घसरू लागले, बँका डबघाईला आल्या की हा उपाय पुन्हा पुढे येतो, आणि प्रत्येक वेळी तो राष्ट्रहिताच्या भाषेत मांडला जातो.

सुक्रे कोणी बुडविला?

सुक्रे हे नाणे १८८४ सालचे. १८२२ साली पिचिंचाच्या लढाईत स्पॅनिश सत्तेचा पराभव करणारे सेनानी आन्तोनियो होसे दे सुक्रे यांचे नाव त्याला दिलेले होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या स्मृतीशी जोडलेले हे नाणे शंभराहून अधिक वर्षे चालले आणि अखेरच्या दोन वर्षांत पार धुळीस मिळाले. डॉलरचे समर्थक याचे कारण एका वाक्यात सांगतात: राज्यकर्त्यांच्या हाती नोटा छापण्याचे यंत्र असले की ते बेसुमार नोटा छापणारच, म्हणून ते यंत्रच काढून घ्यावे. नोटा बेसुमार छापल्या गेल्या, हे खरेच आहे. परंतु त्या कोणासाठी छापल्या गेल्या, हे मात्र या वाक्यात सांगितलेले नसते.

१९९४ साली इक्वेडोरने बँकांविषयीचा नवा कायदा केला आणि त्यांच्यावरील देखरेख सैल केली. देशातील बड्या बँका मूठभर धनिक घराण्यांच्या हाती होत्या. ठेवी जनतेच्या आणि कर्जे आपल्याच कंपन्यांना, असा व्यवहार राजरोस सुरू झाला. १९९७-९८ मध्ये ‘एल निन्यो’मुळे झालेल्या अतिवृष्टीने किनारपट्टीवरील रस्ते, पूल, केळीच्या बागा व कोळंबीचे तलाव उद्ध्वस्त केले. १९९८ साली तेलाचे भाव कोसळले. आणि सरकारी तिजोरीची मदार तर तेलावरच होती. कर्जे बुडू लागली, बँका डगमगू लागल्या. अशा वेळी, डिसेंबर १९९८ मध्ये, सर्व ठेवींची हमी सरकारने आपल्या अंगावर घेतली. लहान ठेवीदाराचे संरक्षण हे त्याचे दर्शनी कारण. प्रत्यक्षात बँकांच्या तिजोरीत पडलेली भगदाडे भरण्याचे काम मध्यवर्ती बँकेवर आले आणि ती भरण्यासाठी नोटांचा पूर सोडण्यात आला. त्या नोटा शाळा-दवाखान्यांसाठी किंवा मजुरांचे वेतन वाढविण्यासाठी निघालेल्या नव्हत्या. बँकमालकांना तारण्यासाठी त्या निघाल्या होत्या, आणि ज्याला शक्य होते त्याने त्यांचे डॉलर करून ते परदेशी रवाना केले. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

मार्च १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जमील माहुआद यांनी बँकांना सक्तीची सुटी दिली आणि पाठोपाठ ठेवी एक वर्षासाठी गोठविल्या. ज्याचा पैसा अगोदरच बाहेर गेला होता त्याला याची झळ लागली नाही. ज्याच्या घामाचे चार पैसे बँकेत होते तो मात्र अडकला. त्या वर्षाच्या आरंभी एका डॉलरला सुमारे सात हजार सुक्रे पडत. पुढील जानेवारीत भाव पंचवीस हजारांवर गेला. हिशेब सोपा आहे. ज्या कुटुंबाची सत्तर लाख सुक्रे एवढी पुंजी होती, तिचे मोल वर्षारंभी एक हजार डॉलर होते. वर्षअखेरीस, व्याज वगळता, ते दोनशे ऐंशी डॉलर उरले. उरलेले सातशे वीस डॉलर हवेत विरले नाहीत. ज्यांची देणी सुक्रेत होती आणि मालमत्ता डॉलरमध्ये होती, त्यांच्याकडे ते न बोलता सरकले.

बारा दिवसांतील ‘विचारविनिमय’

९ जानेवारी २००० रोजी माहुआद यांनी डॉलर स्वीकारण्याची घोषणा केली. या घोषणेला खुद्द मध्यवर्ती बँकेतील वरिष्ठांचा विरोध होता. सार्वमत तर दूरच, संसदेत तिच्यावर आधी चर्चाही झालेली नव्हती. २१ जानेवारीला मूळनिवासी जमातींच्या ‘कोनाये’ या महासंघाचे हजारो लोक राजधानी कीतोमध्ये संसदभवनात शिरले. कर्नल लुसिओ गुतिएरेस यांच्यासह लष्करातील कनिष्ठ अधिकारी त्यांना मिळाले आणि माहुआद यांचे सरकार पडले. डोंगराळ भागातील शेतकरी, बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया, गरीब मजूर यांनी एका राष्ट्राध्यक्षाला घालविले. परंतु दुसऱ्याच दिवशी सेनाधिकाऱ्यांनी सत्ता उपराष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो नोबोआ यांच्याकडे सोपविली आणि त्यांनी डॉलरचा निर्णय जसाच्या तसा पुढे चालविला. मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. त्याच कायद्यात खासगी भांडवलास वाव देणाऱ्या आणि कामगारविषयक नियम बदलणाऱ्या तरतुदीही गोवलेल्या होत्या. त्याच वर्षी सुक्रे व्यवहारातून गेला.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्या कर्नल गुतिएरेस यांनी त्या उठावात भाग घेतला, ते जनतेच्या पाठिंब्यावर २००३ साली स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी डॉलरला हात लावला नाही. उलट आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. २००५ साली जनतेने त्यांनाही पदावरून हटविले. राष्ट्राध्यक्ष बदलत गेले, डॉलर मात्र जागचा हलला नाही.

श्रमिकांना डॉलर का हवासा वाटला?

येथे पुरोगामी चळवळीने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ‘साम्राज्यशाहीचे नाणे’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही. आज इक्वेडोरच्या रस्त्यावर कोणत्याही मजुराला सुक्रे परत आणावा काय असे विचारले, तर बहुतेक जण नको म्हणतील. आणि ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. आपल्या मजुरीचे मोल शनिवारी एक आणि सोमवारी दुसरे, हा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. भाववाढीचा दर २००० अखेर ९१ टक्के होता. तो २००१ मध्ये २२ टक्क्यांच्या आसपास आणि २००२ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास आला. २००४ पर्यंत तो सुमारे दोन टक्क्यांवर उतरला. हातावर पोट असलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. श्रीमंताजवळ भाववाढीपासून बचावाची साधने असतात: जमीन, सोने, परदेशी खाते. गरिबाजवळ फक्त नाणे असते. म्हणून नाण्याचे मोल टिकणे ही गरिबाची मागणी आहे. ती उजव्यांच्या पदरात टाकून देणे ही चळवळीची मोठी चूक ठरेल.

अमेरिकेत २००० साली एक डॉलरचे नवे नाणे निघाले. त्यावर साकाजावेआ या तेथील मूळनिवासी स्त्रीचे, पाठीवर मूल घेतलेले चित्र आहे. अमेरिकेत ते फारसे कोणी वापरले नाही. इक्वेडोरच्या बाजारांत मात्र ते सर्रास चालले. तेथील विक्रेत्या बायांना त्या नाण्यावरील मुद्रा आपल्यासारखी वाटली, असे सांगतात. मनाचा हा स्वीकार खोटा नाही. परंतु चेहरा आपल्यासारखा असला म्हणजे नाणे आपले होत नाही, हेही तितकेच खरे.

डॉलरने भाव स्थिरावले खरे. पण कोणत्या पातळीवर? सुक्रे अगदी तळाला गेला असताना, पंचवीस हजारांच्या दराने सर्व वेतने डॉलरमध्ये बदलली गेली. वेतन तळाशी बांधले गेले आणि त्यानंतरच्या पहिल्याच वर्षात डॉलरमधील किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. ज्याच्याजवळ परदेशात डॉलर सुरक्षित होते त्याने त्या दराने देशातील जमिनी व मालमत्ता स्वस्तात घेतल्या. स्थैर्य आले; परंतु ते लूट पुरी झाल्यावर आले आणि लुटीच्या वाटण्यांवर त्याने कायमचा शिक्का मारला.

दर तोच, मग माणसे हलतात

स्वतःचे चलन नसलेल्या देशाला प्रत्येक नाणे कमवावे लागते. अमेरिकेला डॉलरची नोट काढण्यास कागदाचा व छपाईचा खर्च येतो. इक्वेडोरला ती मिळविण्यासाठी तेल, केळी, कोळंबी, गुलाबाची फुले विकावी लागतात. हे पुरेनासे झाले की माणसे पाठवावी लागतात. १९९८ नंतरच्या काही वर्षांत लाखो इक्वेडोरवासी स्पेन, इटली आणि अमेरिकेकडे निघून गेले. माद्रिदमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या, शेतांवर भाजी तोडणाऱ्या या स्त्री-पुरुषांनी घरी धाडलेला पैसा तेलाच्या खालोखाल परकीय चलन मिळवून देऊ लागला. डॉलरच्या यशाचे गोडवे गाणाऱ्या अहवालांत हा पैसा ‘परदेशातून आलेली रक्कम’ या सदरात दिसतो. आजोळी वाढणारी मुले मात्र त्या सदरात दिसत नाहीत.

२०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव पुन्हा पडले. शेजारच्या कोलंबियाच्या पेसोचा दर घसरला. डॉलर मात्र जगभर महागला. आपल्या मालाची किंमत बाहेर किती असावी हे इक्वेडोरच्या हाती नव्हते. रुमिचाका येथील पूल ओलांडून इक्वेडोरचे लोक कोलंबियाच्या इपियालेस गावी खरेदीला जाऊ लागले, कारण तेथे दूरचित्रवाणी संचापासून साबणापर्यंत सारे स्वस्त झाले होते. सीमेलगतच्या तुल्कान शहरातील दुकानदार मात्र हातावर हात ठेवून बसले. सरकारने मार्च २०१५ मध्ये आयातीवर अधिभार बसविला. दुसरे हत्यार त्याच्या भात्यात नव्हते.

असे म्हटले जाते की, बरे झाले. अवमूल्यनाचे हत्यार नसलेलेच उत्तम, कारण अवमूल्यन म्हणजे आडवाटेने केलेली वेतनकपात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आडवाट बंद झाली म्हणून कपात थांबत नाही. ती हमरस्त्याने येते. २०१९ साली सरकारने नाणेनिधीशी ४२० कोटी डॉलरचा करार केला. ऑक्टोबरमध्ये इंधनावरील सवलत काढून घेतली आणि ‘कोनाये’च्या नेतृत्वाखाली देश पेटून उठल्यावर तो हुकूम मागे घ्यावा लागला. २०२० साली महामारी आली, तेलाचे भाव कोसळले आणि त्या जूनमधील कायद्याने मालकांना कामाचे तास निम्म्यापर्यंत कमी करून त्या प्रमाणात वेतन कापण्याची मुभा मिळाली. नाण्याचा दर हलू शकत नसेल तर वेतन हलते, नोकरी हलते आणि अखेर माणूसच देशाबाहेर हलतो.

निर्णय कोठे होतो?

हे समजून घेण्यासाठी भारतीय श्रोत्यांना फार दूर जावयास नको. एके काळी या नाटकातील मोठ्या देशाची भूमिका भारतानेच केली आहे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई या आखाती प्रदेशांत भारतीय रुपया हेच चलन होते. ते रुपये सोन्याच्या चोरट्या व्यापारात वापरले जाऊन गंगाजळीवर ताण येऊ लागला, तेव्हा मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहारीनने १९६५ साली आपापला दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले; डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. हा निर्णय भारताच्या अडचणींतून आलेला होता. त्या वेळी दोहा किंवा दुबईच्या व्यापाऱ्याचा अथवा हमालाचा विचार दिल्लीत कोणी केला नाही, आणि करण्याचे दिल्लीला कारणही नव्हते. कतार, दुबई आदी राज्यांनी त्याच वर्षी रुपयाचा निरोप घेतला. दुसऱ्याचे नाणे वापरणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्याची अडचणही येते, आणि त्यासाठी नाण्याच्या धन्याने दुष्ट असण्याची गरज नसते.

तो दुष्टपणाने वागावयाचे ठरवील तर काय होते, हे पनामाने पाहिले आहे. तेथे १९०४ पासून डॉलर चालतो. १९८८ साली हुकूमशहा नोरिएगा यांना नमविण्यासाठी अमेरिकेने पनामा सरकारच्या अमेरिकेतील ठेवी गोठविल्या. देशात रोकडच येईना. बँकांना कित्येक आठवडे दारे बंद ठेवावी लागली, सरकारी नोकरांचे पगार अडकले. नोरिएगा काही त्यामुळे गेले नाहीत. उपाशी राहिला तो रोजंदारीवरचा माणूस. शेवटी डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने फौजा घातल्या.

परतीची वाटही सोपी नसते. राफाएल कोरेया हे स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक. डॉलर स्वीकारणे ही चूक होती असे ते उघड म्हणत. २००७ ते २०१७ अशी दहा वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. २००८ साली त्यांनी परकीय कर्जाचा काही भाग बेकायदा ठरवून तो फेडण्याचे नाकारले, २००९ साली मांता येथील अमेरिकी लष्कराचा तळ उठविला. परंतु डॉलरला त्यांनाही धक्का लावता आला नाही. कारण देशातील प्रत्येक घरभाडे, कर्ज, करारनामा डॉलरमध्ये होता. नवे नाणे येणार अशी कुजबुज झाली तरी लोक बँकांपुढे रांगा लावतील, हे त्यांना ठाऊक होते. लष्करी तळ उठविता येतो; लोकांच्या मनातील भीती हुकूम काढून उठविता येत नाही.

काय मागावयाचे?

मित्रहो, राष्ट्रीय चलन हे पवित्र आहे म्हणून त्याचा कैवार घ्यावयाचा नाही. सुक्रेवर स्वातंत्र्यवीराचे नाव होते, म्हणून त्याने गरिबाचे रक्षण केले असे झाले नाही. स्वतःचे चलन हा एक अधिकार आहे, आणि कोणताही अधिकार ज्या वर्गाच्या हाती असतो त्याच्या कामी येतो. इक्वेडोरच्या जनतेपुढे दोन पर्याय ठेवले गेले: बँकमालकांच्या हातातील सुक्रे, किंवा वॉशिंग्टनच्या हातातील डॉलर. त्यांनी कमी दुखणारा पर्याय पत्करला. तिसरा पर्याय त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नाही.

तो तिसरा पर्याय कोणत्याही देशातील श्रमिक चळवळीने वेळीच, संकट येण्यापूर्वी, मांडला पाहिजे. बँकेने आपल्याच मालकाच्या कंपन्यांना कर्ज देण्यास कडक बंदी आणि त्याची जाहीर तपासणी. बँक बुडाल्यास आधी लहान ठेवीदार, आणि मालकाची मालमत्ता सर्वांत आधी जप्त. भांडवल बाहेर नेण्यावर नियंत्रण. आणि भाव वाढतील तसे वेतन वाढेल अशी कायद्याची हमी. या चार गोष्टी असतील तर स्वतःचे नाणे राखण्यात अर्थ आहे. त्या नसतील तर ‘आर्थिक सार्वभौमत्व’ हा शब्द धनिकांनी गरिबांच्या खिशावर ठेवलेला हात झाकण्यापुरताच उरतो, आणि अशा सार्वभौमत्वासाठी मजूर लढावयास येणार नाही.

त्याचबरोबर, परक्याचे नाणे घेऊन सुटका होते, या भ्रमालाही थारा देता कामा नये. स्वतःच्या सरकारने लुबाडले तर त्याच्या दारावर मोर्चा नेता येतो. इक्वेडोरच्या जनतेने असे मोर्चे अनेकदा नेले आणि राष्ट्राध्यक्षांना घालविलेही. परंतु व्याजाचा दर आणि डॉलरचे मोल ठरविणारे लोक ज्या इमारतीत बसतात, ती त्यांच्या देशात नाही. तिच्यापुढे त्यांचे मत चालत नाही, त्यांची घोषणा ऐकू जात नाही. म्हणून एखादा लहान देश आपले नाणे सोडण्याचा विचार करू लागेल, तेव्हा तेथील कष्टकऱ्यांनी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की जुने नाणे कोणी बुडविले. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी नवे नाणे पुढे केले जात असेल, तर ते नाणे हिशेब मिटविण्यासाठी नसून हिशेबाची वही जाळण्यासाठी आहे, असे खुशाल समजावे.